मनाचे दुखणे आणि घरची भाषा

आपल्या निवासी शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होते. दात, डोळे, वजन, उंची, रक्तातील हिमोग्लोबिन यांची नोंद प्रत्येक विद्यार्थ्याच्या कार्डावर केली जाते. त्या कार्डावर मनासाठी रकाना नाही. असता, तरी तो कोणी आणि कोणत्या शब्दांत भरायचा, हा प्रश्न उरलाच असता. मनाच्या आजाराविषयीचे मत मूल शाळेत येण्यापूर्वीच घरी तयार झालेले असते. आम्हा शिक्षकांचेही तसेच. घरात कोण काय काम करते, एका खोलीत किती जण झोपतात, कोण पितो, आजारी पडल्यावर मजुरी बुडते की पगारी रजा मिळते, गावात आपले घर कोणत्या बाजूला आहे, अशा रोजच्या गोष्टींतून ते घडते. संस्थेच्या वाटचालीचा आढावा घेणारे लेख या स्मरणिकेत असतीलच. आम्ही येथे या एका, काहीशा दुर्लक्षित, विषयाचा विचार मांडत आहोत.

आपल्याकडील अनेक मुलांचे आईवडील शेतमजूर किंवा ऊसतोड कामगार आहेत. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्या कोयत्याने मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. अशा बाईला ‘मला उदास वाटते’ असे म्हणण्याची सोय नाही. उदासपणासाठी खाडा मान्य होत नाही. ताप, कंबरदुखी, चक्कर यांसाठी निदान पाऊण दिवस कोपीत पडून राहता येते. म्हणून तिचे मन शरीराच्या भाषेत बोलते. डोके जड झाले, हातापायाला मुंग्या येतात, छातीत धडधडते, घास गोड लागत नाही, जीव कशात लागत नाही. डॉक्टर ताकदीची सलाईन लावतो, दोन दिवस बरे वाटते, आणि दुखणे पुन्हा कामावर हजर होते. ही बाई खोटे बोलत नाही. तिच्या आयुष्यात ज्या दुखण्याला किंमत आहे, त्याच दुखण्याच्या नावाने ती दाद मागते.

तिचे मूल वसतिगृहात हेच करते. महिन्यातून एकदा, रविवारी, पालकभेट असते. रविवारी संध्याकाळी पोटदुखीच्या तक्रारी वाढतात, हे कोणत्याही अनुभवी अधीक्षकाला ठाऊक असते. ओव्याची पूड दिली जाते, ती लागूही पडते, कारण ती देताना कोणीतरी जवळ बसते आणि पाठीवरून हात फिरवते. मोठ्या इयत्तांतील मुलगे पोटही दुखू देत नाहीत. ते भांडतात, किंवा अबोल होतात, किंवा पहाटे उठणे सोडून देतात. त्यांना ‘आळशी’, ‘माजलेला’ ही विशेषणे लवकर चिकटतात. अंथरूण ओले करणारे आठवीतील मूल तर सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होते. घर सुटल्यावर, घरात मारहाण पाहिल्यावर, मोठ्या मुलांत असे होऊ शकते, ही गोष्ट आजही सर्वांना माहीत नाही. पगारदार घरातील मूल याच अवस्थेला ‘टेन्शन’ म्हणते, शहरातील मूल ‘डिप्रेशन’ म्हणते. त्यांना शब्द मिळाले म्हणून त्यांचे दुःख खरे आणि शब्द न सापडलेल्याचे ढोंग, असा न्याय करू नये. त्याचप्रमाणे, शब्द सापडला म्हणजे निदान झाले, असेही नाही.

येथवर घराविषयी बोललो. परंतु इतिहासाचे अध्यापक या नात्याने आम्हाला एक दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. कोणाचे डोके ठिकाणावर आहे आणि कोणाचे नाही, हे बहुतेक काळ ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनीच ठरवले. १८५१ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातील सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा आजार जाहीर केला. मालकाला सोडून पळून जाण्याची गुलामांची इच्छा, हा तो आजार. त्याने त्याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असे भारदस्त ग्रीक नाव दिले आणि प्रतिबंधक उपाय म्हणून चाबूकही सुचवला. कामात मन नसलेल्या गुलामांसाठी त्याने आणखी एक आजार शोधून काढला होता. गोऱ्या मळेवाल्यांमध्ये वाढलेल्या त्या माणसाला गुलामी ही निसर्गाची व्यवस्था वाटत होती. तीतून सुटू पाहणारा मनुष्य त्याच्या दृष्टीने आजारीच असणार. वैद्यकाची पदवी त्याला या आंधळेपणापासून वाचवू शकली नाही.

आपल्या गावगाड्याने ग्रीक शब्द वापरले नाहीत, एवढाच फरक. नवे कापड अंगावर घातले, पायात वहाण घालून पाटलाच्या वाड्यासमोरून गेला, बलुत्याची भाकरी नाकारली, तर ‘याचे डोके फिरले’, ‘याच्या डोक्यात हवा गेली’ असे म्हणण्याची रीत होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे हजारो लोक पाणी प्याले, ते परंपरेच्या दृष्टीने ताळ्यावर नसलेलेच लोक होते. आज २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्याची सामाजिक वा आर्थिक स्थिती, त्याचा वंश, धर्म किंवा समूह यांवरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. तो आपल्या समाजातील रूढ नीतिकल्पनांप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरूनही ठरवता येणार नाही. या कोरड्या कलमामागे कार्टराइटपासूनचा मोठा इतिहास उभा आहे. विद्यार्थ्यांनी ते नागरिकशास्त्राच्या तासाला वाचावे असे आम्हास वाटते.

अन्यायाला विरोध करणारे मन आजारी नसते, हे एकदा म्हटले की दुसरी गोष्टही तितक्याच ठामपणे म्हणायला हवी. अन्याय मनाला आजारी पाडतो. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून प्रश्न विचारले. कोणती बाहुली चांगली, कोणती वाईट, तुला कोणती हवी? अनेक काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली आणि काळी वाईट ठरवली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवली, त्या खटल्यात असे पुरावे मांडले गेले होते. आपल्या पहिलीत येणाऱ्या मुलाला आडनाव विचारल्यावर ते क्षणभर थांबते, तेव्हा आम्हाला त्या बाहुल्या आठवतात.

आता आपल्याच घरांविषयी. हा भाग लिहिणे थोडे अवघड आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि आपल्या वस्त्यांतून देवरुषी, भगत, उतारा, गंडेदोरे हद्दपार होऊ लागले. पोतराजांनी केस कापले, मरीआईचे देव्हारे नदीत गेले. ही क्रांतीच होती. तिचे मोल समजण्यासाठी तमिळनाडूतील एरवाडीकडे पाहावे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील श्रद्धास्थानाजवळच्या एका निवासगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. ‘बाहेरची बाधा’ मानली की माणसाला बांधता येते, मारता येते, उपाशी ठेवता येते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर महाराष्ट्रात २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे हा गुन्हा ठरवला. आपला समाज त्या वाटेवर बराच आधी निघाला होता.

परंतु देवरुषी गेला, तेव्हा त्याच्याकडे जाणारे दुःख गेले नाही. सासुरवासात पिचलेल्या ज्या बाईच्या अंगात यायचे, तिला त्या घटकाभरात मनातले बोलता येई. एरवी तोंड न उघडणारी ती सासूलाही सुनावत असे, आणि लोक ऐकून घेत. ते सोंग होते, अंधश्रद्धा होती, शोषणही होते. तरी ती एक वाट होती. ती बंद केल्यावर दुसरी वाट काढण्याचे काम विहाराचे, महिला मंडळाचे आणि शाळेचे होते. काही ठिकाणी ते झाले, पुष्कळ ठिकाणी झाले नाही. तिच्या जागी आपल्या शिकलेल्या घरांत एक वाक्य येऊन बसले, जे आम्ही पालकभेटीत वारंवार ऐकतो: ‘बाबासाहेबांनी किती सोसले, आणि तू एवढ्याशा गोष्टीने रडतोस?’ म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. वडिलांनी स्वतः उपाशीपोटी रात्रशाळा केलेली असते. ज्याने कष्टाने वर येऊन दाखवले, त्याला खचणे हा गुन्हा वाटू लागतो. त्याच्या पूर्वायुष्याने त्याला शिकवलेला तो धडा आहे. पण मुलापुढे त्यामुळे दार बंद होते. घरच्या महापुरुषाची तसबीरच त्याला गप्प करते.

आणि हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवरही टिकत नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी बडोद्याचा प्रसंग लिहिला आहे. विदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या त्या तरुण अधिकाऱ्याला पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. राहायला जागा मिळेना, तेव्हा ते सार्वजनिक बागेत जाऊन बसले, कधी सुन्न, कधी दुःखाने भरून आलेले. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. १९२६ साली राजरत्न हा लाडका मुलगा गेला, तेव्हा त्यांनी मित्राला लिहिलेले पत्र एका मोडून पडलेल्या बापाचे पत्र आहे. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा राजकीय ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीस अर्पण केला. बाबासाहेब रडले नाहीत, हे खरे नाही. ते रडले, त्यांनी ते लपवले नाही, लिहून ठेवले, आणि काम चालू ठेवले. मुलांना सांगायचे तर हे सगळे सांगावे. अर्धे सांगू नये.

धम्मग्रंथांत या विषयाला प्राचीन आधार आहे. अंगुत्तरनिकायात तथागतांनी रोगांचे दोन प्रकार सांगितले, शरीराचे आणि मनाचे. संयुत्तनिकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे: शरीराला झालेली वेदना हा पहिला बाण, तिच्याविषयी शोक, संताप, आक्रोश करीत राहणे हा आपणच मारून घेतलेला दुसरा. हा दृष्टान्त प्रवचनांतून पुष्कळदा सांगितला जातो, आणि तेथे आम्ही थोडे सावध होतो. पहिला बाण कोणी मारला, हे विचारल्याशिवाय पीडिताला दुसऱ्या बाणाचा दोष देणे सोपे असते. धम्म हा दुःखाची कारणे शोधायला लावतो. ती कारणे तृष्णेत असतात तशी समाजव्यवस्थेतही असतात, ही बाबासाहेबांच्या धम्मविचारातील मोठी भर आहे.

आम्हाला शिक्षक म्हणून अधिक उपयोगी वाटते ती किसा गोतमीची कथा. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती घेतली आहे. मोहरी मागण्याचा भाग सर्वांना पाठ असतो: ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आण. परंतु थेरीगाथेच्या अट्ठकथेत त्याआधी जे आहे, त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. गोतमी गरीब घरची होती, इतकी कृश की तिचे नावच ‘किसा’ पडले. सासरी तिचा अवमान होत असे. मुलगा झाला तेव्हा तिला प्रथमच मान मिळाला. तो मुलगा गेल्यावर तिचे मूल आणि तिची घरातील जागा, दोन्ही एकदम गेले. म्हणून ते प्रेत ती खाली ठेवीना. तिचे वेड समजून घ्यायचे तर तिचे माहेर आणि सासर समजून घ्यावे लागते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कथेने हे आपल्याला सांगून ठेवले आहे.

कथेत आणखी एक माणूस आहे, त्याला नाव नाही. गोतमी दारोदार औषध मागत फिरते, लोक हसतात, मेलेल्याला औषध कसले म्हणतात. हा एक मनुष्य हसत नाही. त्याला कळते की पुत्रशोकाने हिचे भान हरपले आहे, आणि हिच्यासाठीचे औषध आपल्यापाशी नाही. तो तिला म्हणतो, विहारात जा, तेथे तथागत आहेत, त्यांना विचार. शिक्षकाचे, अधीक्षकाचे, विहारातील कार्यकर्त्याचे काम नेमके या मनुष्याचे आहे. आपण डॉक्टर नव्हे. हसू नये, ओळखावे, आणि योग्य ठिकाणी पाठवावे.

पटाचाराचीही आठवण येथे येते. एका प्रवासात नवरा, दोन मुले आणि पाठोपाठ आईवडील व भाऊ गमावून ती श्रावस्तीच्या रस्त्यांवर विवस्त्र भटकत होती; लोक तिच्यावर माती-कचरा फेकत होते. ती जेतवनात आली, तेव्हा जमलेले लोक तिला अडवू लागले. तथागतांनी अडवू दिले नाही. त्यांनी तिला बहीण म्हणून हाक दिली, भानावर येण्यास सांगितले. कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. उपदेश त्यानंतर झाला. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. हीच बाई पुढे भिक्षुणींमध्ये विनयाची श्रेष्ठ जाणकार ठरली.

कोणी म्हणेल, मग ध्यान शिकवले की झाले. आपल्या शाळेत सकाळी आनापान होते, त्याने मुले स्थिर होतात, हा अनुभव आहे. तरीही तीव्र मानसिक आजारावर ध्यान हा उपचाराचा पर्याय नाही. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराविषयी आधीच विचारणा केलेली असते, ती याच कारणाने. आवाज ऐकू येणे, सतत संशय, आठवडेच्या आठवडे झोप नसणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, येथे डॉक्टरच हवा. मधुमेहाच्या गोळीला आपण अधम्म म्हणत नाही.

शाळा सोडून मोठ्या शहरांत जाणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांविषयी दोन शब्द. येथे सर्वांची ताटे एका पंगतीत असतात. तेथे पहिल्याच आठवड्यात प्रवेश परीक्षेचा क्रमांक विचारून जात ओळखली जाते. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी वेगळी वागणूक नोंदवली. त्यानंतर २०१६ साली हैदराबादचा रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत शिकणारी डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. अशा प्रत्येक वेळी दोन तट पडतात. एक म्हणतो, मुलाचे मन कमकुवत होते. दुसरा म्हणतो, हा केवळ अन्याय, मनाचा विषय काढूच नका. पहिले म्हणणे निर्दय आहे. दुसरे आपल्या बाजूचे असले तरी अपुरे आहे. तक्रार समितीकडे जाणे आणि समुपदेशकाकडे जाणे या एकाच मुलाने एकाच आठवड्यात करण्याच्या गोष्टी आहेत. फ्रान्ट्झ फॅनन हा मार्टिनिकचा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ वसाहतीच्या काळात अल्जीरियातील रुग्णालयात उपचारही करीत होता आणि त्या देशाच्या मुक्तिलढ्यातही उतरला. त्याला या दोहोंत विसंगती दिसली नाही.

उपचाराची सोय किती आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (बारा राज्यांत झाले, महाराष्ट्र त्यांत नव्हता) सुमारे दहांपैकी एका प्रौढास मानसिक आजार आढळला, आणि बहुतेक आजारांत दहांपैकी सातांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पण पहिली पायरी जिल्हा रुग्णालय. तेथील मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला पोलिसांची भीती घालण्याचे दिवस संपले आहेत. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकते. हे पालकांना माहीत नसते. म्हणून ते मुलाला लपवतात.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, विनाशुल्क, रात्रंदिवस, मराठीतही. मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही वसतिगृहांत, भोजनगृहाच्या दाराशी जेथे आठवड्याच्या जेवणाची यादी लावलेली असते, तेथे हा क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. पालकभेटीच्या रविवारी, मूल अभ्यास करते का, या प्रश्नाच्या आधी आईला विचारावे: घरी सध्या कसे चालले आहे, कोण आजारी आहे, कोयता या वर्षी कोणत्या कारखान्यावर जाणार, झोप लागते का? उत्तर बहुधा डोकेदुखीपासून सुरू होईल. तेथूनच ऐकायला लागावे.